हा डोळा कुठल्या उजेडात राहणार?

माझी बायको डोळे तयार करते.

हे वाक्य नव्या ओळखीत बोललं की समोरचा माणूस आधी हसतो, मग गप्प होतो आणि मग नकळत आपल्या पापणीला हात लावून सगळं जागेवर आहे ना ते बघतो. मग मी खुलासा करतो. दिसणारे डोळे, बघणारे नव्हेत. बघणारे डोळे बनवणारा कारखाना वेगळा आहे. तिथला माल उत्तम असतो, पण बदलून मिळत नाही. ज्यांचा एक जातो ते आमच्याकडे येतात.

'आमच्याकडे' ही माझी लबाडी. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, म्हणजे मला हाताने काहीही करता येत नाही हे सरकारमान्य आहे. सुट्टीत मात्र हिच्या कार्यशाळेत मला पॉलिशच्या चाकावर बसवतात. डोळा चाकावर धरायचा, फिरवायचा आणि सुटू द्यायचा नाही. एकदा सुटला होता. कपाटाखालून तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती नजर मला एरवी फक्त प्राचार्यांकडून मिळालेली आहे.

कार्यशाळा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत तीन खुर्च्या आणि एक कुंडी. आतल्या खोलीत उत्तरेची मोठी खिडकी, खिडकीपाशी दातांच्या दवाखान्यात असते तशी खुर्ची, समोर हिचं टेबल. टेबलाला एक ड्रॉवर. ड्रॉवरमध्ये कापसाच्या गादीवर ओळीने डोळे : नमुन्याचे, जुने, लहानपणी बसवलेले आणि मोठेपणी बदलून परत आलेले. ड्रॉवर उघडला की सगळे एकदम छताकडे बघत असतात. वर काहीतरी आहे आणि ते आपल्यालाच दिसत नाही, असं वाटतं.

नवऱ्याला बायकोच्या कामाचं अप्रूप दोनचार वर्षं टिकतं, पुढे ते घरातल्या फर्निचरसारखं होतं म्हणतात. माझं अजून फर्निचर झालेलं नाही. गरम पाण्यातून काढलेला पांढरा तुकडा ही हातात घेते तेव्हा तो शर्टाच्या तुटक्या बटणासारखा दिसतो. संध्याकाळी तोच तुकडा एखाद्याच्या चेहऱ्यात बसतो आणि त्या माणसाची आई त्याच्याकडे बघून खाली बसते. मधल्या वेळात काय झालं ते मी दोन फुटांवरून पाहिलेलं असतं. तरी ते मला कळलेलं नसतं.

हिची एक रीत आहे. माणूस खुर्चीत बसला की साच्याला, रंगाला, कशालाही हात लावण्याआधी ही विचारते, "हा डोळा कुठल्या उजेडात राहणार?"

माणसं गोंधळतात. मग हळूहळू सांगतात. तिकीट खिडकीवरचा कारकून म्हणाला, दिवसभर काचेच्या मागे, डोक्यावर ट्यूब. माळी म्हणाला, उन्हात. रात्रपाळीचा पहारेकरी म्हणाला, उजेड असता तर मला ठेवला कशाला असता? कारण असं की खऱ्या डोळ्याची बाहुली उजेडाप्रमाणे लहानमोठी होते. हिने केलेली होत नाही. म्हणून आधी एक उजेड ठरवावा लागतो. माळ्याची बाहुली मोहरीएवढी, पहारेकऱ्याची मिऱ्याएवढी. "सगळ्या उजेडांत बरा दिसेल असा डोळा कुठल्याच उजेडात खरा दिसत नाही," ही म्हणते, आणि मग ब्रश उचलते.

आता माझ्या धाकट्या भावाबद्दल. तो विम्याच्या कचेरीत आहे आणि ब्लॉग लिहितो. घरात त्याला संपादक म्हणतात. लिफ्ट, चपला, शेजाऱ्याचा कुत्रा, लोकशाही असे विषय त्याला वर्ज्य नाहीत. लिहायला बसताना शेवट कुठे होणार हे त्याला माहीत नसतं, आणि वाचून झाल्यावर आपल्यालाही नसतं. वाचक नातेवाइकांपेक्षा थोडे जास्त आहेत. यालाच तो चळवळ म्हणतो. त्याच्या लेखांखाली 'उत्तर तपासा' अशा नावाने कुणीतरी वर्षानुवर्षं प्रतिक्रिया देत असे. संपादकाने लिहावं, 'लिफ्टमधल्या सहा जणांनी एकमेकांशी एकदा हात मिळवला तर छत्तीस हस्तांदोलनं होतील', आणि खाली यावं, 'पंधरा. उत्तर तपासा.' कौतुक नाही, नमस्कार नाही.

ही 'उत्तर तपासा' एका सकाळी आमच्या खुर्चीत येऊन बसली.

गणिताच्या बाई होत्या त्या, शाळेतल्या. आजारात डावा डोळा काढावा लागला होता. डॉक्टरांनी खोबणीत तात्पुरती पारदर्शक कवची बसवून दिली होती आणि वर कापसाची पट्टी. संपादक काहीतरी न्यायला आला होता, त्याचा आवाज ऐकून बाईंनी मान वळवली.

"तुम्हीच ते का, छत्तीस हस्तांदोलनंवाले?"

संपादकाच्या आयुष्यात वाचक समोर येण्याची ही पहिलीच वेळ. तो इतका हरखला की त्याने उभ्या उभ्या माफी मागितली. बाई हसल्या. पट्टी बांधल्यापासून पहिल्यांदाच, असं त्यांच्या बरोबर आलेल्या मावशी नंतर म्हणाल्या.

हिने नेहमीचा प्रश्न विचारला. बाईंनी लगेच सांगितलं, "वर्ग. माझ्या डाव्या हाताला मोठ्या खिडक्या. सुट्टी संपली की मला फळ्यासमोर उभं राहायचंय. दुसरा उजेड नकोच मला."

एवढी स्पष्ट मागणी हिला क्वचितच मिळते. ही खूश झाली. साचा घेतला, बाईंना पुढच्या आठवड्यात बोलावलं.

त्या आठवड्यात संपादकाने लेख लिहिला. मथळा : 'माझ्या वहिनीचा ड्रॉवर माझ्याकडे बघतो'. लेख चांगला होता, हे मी भाऊ म्हणून नव्हे, मत्सरी माणूस म्हणून सांगतो. ड्रॉवरमधले डोळे, कपाटाखालचा डोळा, आणि मी. लोकांनी तो पुढे पाठवला, त्यांनी ज्यांना पाठवला त्यांनीही पाठवला. दोन दिवसांत संपादकाचा चालण्याचा ढंग बदलला. लेखाच्या शेवटी त्याने कार्यशाळेचा पत्ता टाकला होता. का टाकला, हे त्याला विचारलं तर म्हणाला, "शेवट सुचत नव्हता."

लोक यायला लागले. डोळ्यांची गरज असलेले नव्हेत. दोन्ही डोळे शाबूत असलेले, आणि ते कशावर तरी ठेवायला जागा शोधणारे. जोडीने यायचे, मित्रांना घेऊन यायचे. "तो ड्रॉवर बघता येईल का?" ही सुरुवातीला नाही म्हणायची, मग नुसतं दार लावून घ्यायची.

बाईंच्या दिवशी मी चाकावर होतो. हिने त्यांची पट्टी सोडली, खोबणीतली कवची काढून वाटीत ठेवली, आणि मेणाचा नमुना बसवून बघण्याआधी हात धुवायला बेसिनकडे वळली. चाकाच्या आवाजात मला बाहेरची पावलं ऐकू आली नाहीत. दार उघडलं, तशी बाईंनी मान वळवली.

"हेच का ते?" कुणीतरी म्हणालं, आणि फोनचा प्रकाश लखकन चमकला.

तीन जण होते. वाईट नव्हते, हे सांगायला हवं. एकाच्या हातात केळ्यांची पिशवी होती. त्यांना वाटलं, ड्रॉवर उघडा असेल. ड्रॉवर बंद होता. उघडा होता तो बाईंचा चेहरा.

मागच्या माणसाने "अरे देवा" म्हटलं, अगदी हळू, कळवळून. मला वाटतं तेच जास्त लागलं. बाई उठल्या, पट्टी हाताने दाबून धरली आणि त्या तिघांच्या मधून निघून गेल्या. कवची वाटीत राहिली.

ही दारापर्यंत धावली, जिन्यापर्यंत गेली, परत आली. केळीवाला माफी मागत मागत उलट्या पावली बाहेर गेला. मग हिने वाटीकडे बघितलं आणि मला म्हणाली, "अहो, ती रिकामी ठेवून चालत नाही."

"काय?"

"खोबण. आत काही नसलं की आवळत जाते. कवची नाही बसवली तर महिन्याभरात डोळा मावणार नाही. मग पुन्हा ऑपरेशन. आणि शाळा तर सुट्टी संपली की उघडणार."

दुसऱ्या दिवशी ही कवची घेऊन बाईंच्या घरी गेली. आतून आवाज आला, "बरं नाही मला." शेजारची दोन दारं उघडली, चार माणसं बाहेर येऊन बघत उभी राहिली. आपण इथे उभे आहोत तोवर हे दार उघडणार नाही, हे हिला कळलं. कवची दारात ठेवून यायची वस्तू नव्हे. ती बसवायला हात लागतो. फोन केला तर बाई उचलत नव्हत्या. मावशी म्हणाल्या, खोलीत बसून असते, पडदे ओढून. फोनवर काहीतरी वाचते तेवढंच.

हे ऐकून संपादक आला, चेहरा पडलेला. मागच्या आठवड्यातला ढंग उतरला होता.

"वहिनी, चूक माझी आहे. मी जाहीर माफी लिहितो."

"कोण वाचेल?"

"सगळे वाचतील. आता वाचक वाढलेत ना."

"सगळ्यांनी वाचून काय करायचं?"

"मला... माफ करायचं."

"म्हणजे तुमचं काम होईल, भावजी. बाईंचं?"

दुसऱ्या दिवशी तो दुसरा मसुदा घेऊन आला. माणसाची नजर, कुतूहल आणि क्रौर्य, समाजाचा चष्मा, असा पुष्कळ दारूगोळा होता. हिने शेवटपर्यंत वाचला. ही कुणाचंही शेवटपर्यंत वाचते. हा तिचा दोष आहे.

"यात बाई कुठे आहेत?"

"सूचक आहेत, वहिनी."

"सूचक म्हणजे?"

"म्हणजे नाहीत," मी म्हणालो. "दादा, तू पॉलिश कर," संपादक म्हणाला.

तिसऱ्या मसुद्यात मात्र त्याने डोकं लढवलं होतं. लेख साधाच, पण मध्ये एक हिशेब मुद्दाम चुकवलेला. "बघा वहिनी, त्या चूक बघून गप्प राहणारच नाहीत. 'उत्तर तपासा' असं लिहिणारच. मग मी उत्तर देईन, बोलणं सुरू होईल..." त्याचे डोळे चमकत होते. मलाही युक्ती आवडली. राज्यशास्त्रात याला मुत्सद्देगिरी म्हणतात, आणि म्हणूनच जग असं आहे.

ही म्हणाली, "त्यांना चूक दाखवायला बोलवायचंय की कवची बसवायला?"

"एकदा बोलत्या तर होऊ देत!"

"बोलत्या त्या घरबसल्याही होतील. मग तुम्ही दोघं गणितं करत बसा, इकडे खोबण मिटतेय." तिचा आवाज चढला नव्हता, खाली आला होता. "भावजी, इथे बसा."

तिने त्याला खुर्चीत बसवलं. ग्राहकाच्या खुर्चीत, खिडकीसमोर. स्वतः स्टुलावर बसली, हात मांडीवर. मी चाक बंद केलं. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत मी तिला हा प्रश्न शेकडो माणसांना विचारताना ऐकलं होतं, पण तो असा कागदाच्या बाबतीत विचारलेला कधी ऐकला नव्हता.

"हा लेख कुठल्या उजेडात राहणार?"

संपादक आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की ही थट्टा करत नाहीये.

"म्हणजे... कुठे वाचला जाणार?" तो थांबला. "बंद खोलीत. पडदे ओढलेले. फोनचाच काय तो उजेड."

"कोण वाचणार?"

"बाई."

"आणखी?"

"आणखी लोक आहेतच की, ब्लॉग आहे शेवटी..." हिने नुसतं बघितलं. "नाही. बाईच."

"वाचून झाल्यावर त्यांनी काय करायचं?"

"उठून इथे यायचं."

"मग त्या उठत का नाहीत?"

खुर्चीत बसल्या बसल्या त्याने दाराकडे बघायचा प्रयत्न केला. ती खुर्ची अशी ठेवलेली आहे की उजेड चेहऱ्यावर येतो आणि दार पाठीकडे, तिरकं. तिथून दार दिसत नाही; मागे मान वळवावी लागते. संपादकाने ती वळवली. पुन्हा सरळ बसला, पुन्हा वळवली. माझ्या भावाला एखादी गोष्ट कळते तेव्हा त्याचा चेहरा किंचित मूर्ख दिसतो. तसा तो दिसू लागला.

"वहिनी, इथे बसलं की मागून कोण येतंय ते कळतच नाही."

वीस वर्षं ही स्टुलावर बसत आली होती, खुर्चीत कधी बसलीच नव्हती. तिने संपादकाला उठवलं, स्वतः बसली, आणि तिनेही मान वळवून बघितलं.

त्या दुपारी सुतार आला. खुर्ची फिरवली, टेबल हललं, दाराला आतून कडी बसली, ती अशी की खुर्चीतून हात लांबवला की पोचतो. ड्रॉवर तिथून घरी आला आणि माझ्या शर्टांच्या कप्प्यात गेला. तेव्हापासून मी रोज सकाळी कपडे निवडतो तेव्हा माझ्या निवडीवर कुणीतरी मत बनवत असतं.

मग संपादकाने लेख लिहिला. त्याने आयुष्यात लिहिलेला सर्वांत नीरस मजकूर. तो असा होता :

'माझ्या मागच्या लेखात दिलेला पत्ता काढून टाकला आहे. ती जागा बघायला खुली नाही. ड्रॉवर तिथे नाही. आतल्या खोलीत आता खुर्चीतून दार समोर दिसतं. दाराला आतून कडी आहे. जो खुर्चीत बसेल तो ती स्वतःच्या हाताने लावतो आणि स्वतःच्याच हाताने काढतो. आत कोण थांबेल हे तोच ठरवतो. येत्या मंगळवारी सकाळी दहा ते एक ती खोली एकाच माणसासाठी ठेवली आहे. दोन तासांचं काम आहे. त्या वेळेत दुसऱ्या कुणालाही बोलावलेलं नाही. वाटीतली वस्तू स्वच्छ करून ठेवली आहे. ती लवकर बसवणं गरजेचं आहे, नाहीतर जागा आवळते. आधी कळवलं नाही तरी चालेल.'

"मथळा काय देऊ?" त्याने विचारलं.

"मंगळवार," ही म्हणाली.

नवे वाचक नाराज झाले. 'मजा नाही आली,' असं एकाने कळवलं. 'ड्रॉवर कुठे गेला?' दुसऱ्याने विचारलं. मी उत्तर द्यायचं टाळलं. चळवळ आली तशी ओसरली. संपादक दर अर्ध्या तासाने फोन बघायचा आणि खिशात ठेवायचा. सोमवारपर्यंत काही नाही. ही मात्र सोमवारी शांतपणे पांढऱ्या रंगात पिवळा मिसळून बघत होती. मला तिची चीड आली. मग लक्षात आलं की ती गेला तासभर तोच रंग मिसळतेय.

संध्याकाळी संपादक जिना दोन दोन पायऱ्या चढत आला आणि फोन आमच्या समोर धरला. लेखाखाली एकच ओळ होती :

'दहा ते एक तीन तास होतात. उरलेल्या तासात काय करायचं आहे? उत्तर तपासा.'

"मी मुद्दाम नाही केलं!" संपादक ओरडला. "शपथ, वहिनी! खरंच चुकलं!"

ही इतकी हसली की तिला स्टूल धरावं लागलं. "चहा," ती म्हणाली. "लिहा, उरलेल्या तासात चहा."

मंगळवारी बाई आल्या. एकट्या. खुर्चीत बसल्या, दाराकडे बघितलं, हात लांबवून कडी लावली, काढली, पुन्हा लावली. सुतारानेसुद्धा इतक्या काळजीने तपासली नव्हती.

"आत कोण थांबणार ते मी ठरवायचं ना? मग संपादक बाहेर. त्यांना बघितलं की मला लाल पेन हवंसं वाटतं."

"आणि हे?" हिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"हे कोण?"

"पॉलिश."

"राहू देत," बाई म्हणाल्या. मी आयुष्यात अनेक समित्यांवर निवडून आलो आहे. इतका मान कधी वाटला नव्हता.

खोबण आवळली होती. कवची पहिल्यांदा गेली नाही. ही पुन्हा वळली, पुन्हा धुतली, पुन्हा बसली. खोलीत तिघं होतो आणि श्वास एकाचाही नव्हता. "वर बघा... आता खाली... आता रागावल्यासारखं बघा." कवची आत सरकली. ही मागे टेकली. "हट्टी आहे," ती म्हणाली, "पण ऐकते." थोडा उशीर झाला असता तर ऐकली नसती, हे तिने मला घरी गेल्यावर सांगितलं.

पुढच्या बैठकीत रंगाचं काम होतं. त्याचं वर्णन मी कसं करू? सरळ सांगतो.

बाईंचा उजवा डोळा काळा आहे असं मला वाटत होतं. ओळखपत्रावरही काळा लिहिलेला. ही म्हणाली, काळे डोळे असं काही नसतंच. तिने खिडकीच्या उजेडात त्या डोळ्याकडे बघितलं आणि एका नखाएवढ्या चकतीवर, चार केसांच्या ब्रशने, रंग ठेवायला सुरुवात केली. आधी जवळजवळ काळोख. त्यावर ओल्या मातीचा तपकिरी. त्यावर मधासारखं काहीतरी, केंद्रातून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेघांनी. कडेला धुरकट निळसर वळसा, जो मी त्या डोळ्यात पाहिला नव्हता. मग मान उचलून पाहिलं, तर होता. प्रत्येक थरानंतर ती बाईंकडे बघायची, चकतीकडे बघायची. हळूहळू त्या सपाट चकतीत खोली यायला लागली. तळ दिसू लागला. विहिरीत वाकून बघावं तसा मी वाकलो आणि हिने कोपराने मला मागे सारलं.

मग पांढऱ्यावर शिरा. लाल रेशमाचा धागा उसवून उसवून त्याचा एक तंतू उरतो, तो नुसत्या डोळ्याला दिसत नाही, हवेत हलला की दिसतो. ते तंतू ती एकेक करून चिमट्याने ठेवत होती.

"मुलांची भीती नाही वाटत मला," बाई मध्येच म्हणाल्या. त्या उजवीकडे बघत होत्या, तसं बघायला सांगितलं होतं. "मुलं बघतात, विचारतात, विसरतात. पण हे झाल्यापासून सगळे माझ्याशी हळू बोलायला लागलेत. वाणी हळू बोलतो. मुख्याध्यापक हळू बोलतात. आमचा शिपाई, जो घंटेपेक्षा मोठ्याने बोलतो, तोही! वर्गात सगळे असे हळू बोलायला लागले तर मी शिकवू कशी? मला कुणी घाबरणारच नाही."

हिने आणखी एक तंतू ठेवला.

शेवटी पारदर्शक थर चढला आणि तो डोळा माझ्या चाकाकडे आला. तो मी कसा धरला होता हे विचारू नका. पोटच्या पोरालाही मी एवढं घट्ट धरलं नव्हतं. तो चमकायला लागला आणि ओला दिसायला लागला. बघता बघता माझ्या बोटांत कुणीतरी जागं झालं. मी राज्यशास्त्राचा माणूस आहे, माझा चमत्कारांवर विश्वास नाही, पण त्या क्षणी माझी त्याच्याशी नजरानजर झाली आणि मी आधी नजर खाली घेतली.

ही डोळा घेऊन गेली. बाईंची पापणी उचलली, सोडली.

आणि चेहरा पूर्ण झाला. एखाद्या घरात दुसऱ्या खोलीतला दिवा लागावा, तसा. आधी जिथे नजर अडखळायची तिथे आता अडखळायला काही नव्हतं. मी बघत राहिलो आणि मला आठवेना की दोन्हींतला नवा कुठला.

बाईंनी आरसा घेतला. बराच वेळ बघितलं. मग भुवई चढवली.

"एक शंका आहे."

"बोला."

"हा माझ्यापेक्षा कमी थकलेला दिसतो."

हिने जवळ जाऊन बघितलं. "बरोबर आहे," ती म्हणाली, डोळा परत काढला, आणि खिडकीपाशी नेऊन त्याच्या कोपऱ्यात इतका हलका पिवळा लावला की मला फक्त ब्रश हललेला दिसला. त्यात तिने काय घातलं ते मी सांगू शकत नाही. तपासलेल्या वह्या असाव्यात. डोळा पुन्हा बसला. या वेळी बाईंनी आरशात बघून मान हलवली, वर्गात बरोबर उत्तर आल्यावर हलवतात तशी, कौतुक न करता.

त्यांनी हात लांबवून कडी काढली. बाहेर संपादक उभा होता. त्याने त्यांच्याकडे बघितलं आणि जिन्याच्या वाटेतून बाजूला झाला.

"वहिनी," त्या खाली उतरल्यावर तो म्हणाला, "यावर लिहायला पाहिजे. हे जे मी आत्ता बघितलं..."

"कुणासाठी?" हिने विचारलं. उलट नव्हतं विचारलं, खरंच विचारलं.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला. हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. आम्ही तिघंही खिडकीकडे धावलो. फाटकात एका माणसाने आपली सामानाची हातगाडी आडवी लावली होती आणि बाईंना बाहेर जाता येत नव्हतं.

"एवढी घाई असेल तर गाडीवरून उडी मारा!" तो गाडीवाला म्हणत होता.

"फाटक काय तुमच्या घरचं आहे?" बाई म्हणाल्या. "उभी लावली असती तर दोन गाड्या मावल्या असत्या इथे!"

"मला शिकवू नका हो!"

"कुणीतरी शिकवायला हवं होतं वेळेवर!"

तो एक पाऊल पुढे आला, कमरेवर हात ठेवले, बाईंच्या थेट डोळ्यांत बघून, दोन्ही डोळ्यांत बघून, तोंडाला येईल ते बोलू लागला. घसा ताणून. कसलीही दयामाया न ठेवता. बाईंचा आवाज त्याच्याही वर चढला. सकाळपासून त्या ज्या आवाजात बोलत होत्या तो त्यांचा नव्हताच; त्यांचा हा होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. समोरच्या इमारतीतून दोघं जण बाल्कनीत आले. गाडीवाला किंचित मागे सरकला.

"मी खाली जाऊन सोडवू का?" संपादकाने विचारलं.

हिने त्याचा दंड धरला. खिडकीच्या चौकटीवर तिने कपाळ टेकलं होतं आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचं तिला सुचलं नव्हतं.

"अजिबात नाही," ती म्हणाली. "भांडू दे त्यांना."